चार महिने न विकलेला फ्लॅट: आतल्या तयारीचं एक प्रकरण

दुसऱ्या मजल्यावरचा, दोन बेडरूमचा फ्लॅट. वापराची जागा ७० चौरस मीटर, हॉल ३.२ × ५.२ मीटर, मोठी बेडरूम ३.२ × ३.६, लहान बेडरूम २.८ × ३, शिवाय किचन, दोन बाथरूम आणि एक बाल्कनी. चौघांचं कुटुंब ११ वर्षं तिथे राहत होतं आणि विक्रीच्या काळातही तिथेच राहणार होतं. मांडणी चांगली, खिडक्या मोठ्या, इमारत बरी ठेवलेली. तरीही पहिल्या चार महिन्यांत १४ जण पाहून गेले आणि एकही दुसऱ्यांदा आला नाही.

कुटुंबाने तयारी केली नव्हती असं मुळीच नाही. हॉलची एक भिंत गडद विटकरी रंगाने रंगवली होती, नवे जाड पडदे लावले होते, कोपऱ्यात कृत्रिम झाडं ठेवली होती, प्रत्येक खोलीत सुगंधी फवारा होता. मोठ्या बेडरूममध्ये ओलीचा डाग होता, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात मारले होते. खर्च झाला, कष्टही झाले. पण पाहायला आलेल्यांचे शेरे पुन्हा पुन्हा तेच होते: अंधार वाटतो, हॉल लहान वाटतो, कसला तरी वास येतो. दोघांनी तर बेडरूमच्या त्या भिंतीवर हात टेकवून पाहिला.

घर घेणारा माणूस पडदे विकत घेत नाही. तो २०-२५ मिनिटांत न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधत असतो: भिंतीतले पाइप, वायरिंग, फरशीखालचा थर. हे काही त्याला उघडून पाहता येत नाही, म्हणून जे दिसतं त्यावरून तो ठरवतो. नळ ठिबकत असेल तर पाइपही असेच असणार, स्विच सैल असेल तर वायरिंगही तसंच. अशी प्रत्येक शंका त्याच्या मनातल्या किमतीतून वजा होते, आणि वजा होणारी रक्कम दुरुस्तीच्या खऱ्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा मोठी असते. त्यामुळे दुसऱ्या वेळी, तयारी नव्याने करताना, काम शंकांच्या क्रमाने लावलं: आधी ओल, मग पसारा, मग मोडतोड, मग रंग आणि उजेड, आणि सगळ्यात शेवटी मांडणी. पहिल्या वेळी हा क्रम नेमका उलटा झाला होता.

यादी

पहिला दिवस फक्त पाहण्यात गेला. दाराबाहेरून सुरुवात करून, पाहुणा ज्या वाटेने चालेल त्याच वाटेने वही घेऊन चालायचं, प्रत्येक दार, खण, नळ आणि स्विच वापरून पाहायचा आणि प्रत्येक खोलीचे दारातून फोटो काढायचे. फोटो महत्त्वाचे, कारण ११ वर्षं राहिलेल्या डोळ्यांना दाराआडची दोरी, फ्रिजवरचे डबे, स्विचबोर्डाभोवतीचा हातांचा काळपट डाग दिसेनासा होतो; फोटोत तो लगेच दिसतो. यादीत ४६ गोष्टी निघाल्या. त्यांतल्या ३० च्या वर अशा होत्या की ज्यांना एक पेचकस, थोडं सिलिकॉन किंवा अर्धा तास पुरेसा होता.

ओलीची भिंत

मोठी बेडरूम आणि तिला लागून असलेली बाथरूम यांच्यामधल्या भिंतीवर जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत, साधारण १.१ मीटर रुंदीचा पट्टा फुगला होता. त्याच खोलीत बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, काळी बुरशी होती. कुटुंबाच्या लेखी दोन्ही म्हणजे 'ओल'. उपाय ठरवण्याआधी पाणी कुठून येतं हे कळायला हवं होतं.

त्यासाठीची चाचणी साधी आहे. भिंतीवर ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून चिकटवायचा आणि २४ तास ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन जमतेय. ऑइल पेंटचा थर ओल अडवतो, म्हणून चाचणीपुरता तेवढा भाग आधी खरवडला होता. बाथरूमच्या भिंतीवर थेंब आतून आले, कपाटामागे बाहेरून. म्हणजे दुखणी दोन होती आणि औषधंही दोन लागणार होती.

कपाटामागचं काम सोपं. कपाट भिंतीला घट्ट टेकवलेलं होतं, त्यामुळे मागे हवा फिरत नव्हती आणि बाहेरची भिंत थंड राहत होती. मास्क आणि हातमोजे घालून बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून काढली. ती कोरडी झाडायची नाही, बीजाणू खोलीभर उडतात. भिंत वाळल्यावर बुरशीनाशक द्रावणाचा हात दिला, कपाट ८ सेंटिमीटर पुढे ओढलं आणि आंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट २० मिनिटं चालू ठेवायची सवय लावली.

बाथरूमच्या भिंतीचं मूळ शोधायला दोन चाचण्या केल्या. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा तासभर पाहिला. तो हलला नाही, म्हणजे दाबाखालचा पाइप गळत नव्हता. मग बाथरूमच्या जमिनीची जाळी बंद करून २ सेंटिमीटर पाणी २४ तास साठवलं. पातळी उतरली आणि पलीकडचा पट्टा गडद झाला. दोष फरशी आणि भिंत मिळतात त्या सांध्यात आणि जाळीच्या कडेला होता. तिथला सिमेंटचा ग्राउट, म्हणजे फरश्यांमधल्या फटी भरणारा मसाला, जागोजाग निघून गेला होता. भिंत फोडावी लागली नाही, हे नशीबच. पाइप गळत असता तर काम वेगळं आणि बरंच मोठं झालं असतं.

जुना ग्राउट सांध्याच्या पूर्ण खोलीपर्यंत खरवडून काढला. वरवर नवा भरला की तो जुन्या भुसभुशीत थरावर बसतो आणि काही महिन्यांत सुटतो. सांधे पंखा लावून चार दिवस सुकवले, इपॉक्सी ग्राउट भरला आणि भिंत-फरशीच्या कोनात सिलिकॉनची पट्टी दिली. त्या कोनात कडक ग्राउट टिकत नाही, कारण दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात. त्यानंतर पाकिटावर दिलेल्या वेळेप्रमाणे तीन दिवस पाणी बंद. या काळात कुटुंबाने दुसरी बाथरूम वापरली.

बेडरूमच्या बाजूने फुगलेला रंग आणि पुट्टी प्लास्टरपर्यंत काढली. ओल नसलेल्या भागातलीही वर आणि दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर जास्त काढली. प्लास्टरवर पांढरे क्षार आले होते. ते धुवायचे नाहीत: पाण्यात विरघळून ते पुन्हा आत शिरतात आणि भिंत वाळली की परत वर येतात. कोरड्या ब्रशने झाडायचे, दोन-तीन दिवसांनी पुन्हा आले तर पुन्हा झाडायचे. ऑइल पेंट इथे का हरला हेही यातूनच कळतं. तो वाफ बाहेर जाऊ देत नाही, मागे पाणी आणि क्षार साठतात आणि रंगाचा पापुद्रा फुगतो.

ही भिंत सुकायला चार आठवडे लागले. ठरवलेली तीन आठवड्यांची तयारी त्यामुळे सहा आठवड्यांवर गेली. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात योग्य निर्णय हाच होता, की प्लास्टिकची चाचणी दुसऱ्यांदा कोरडी येईपर्यंत त्या भिंतीला पुट्टी लावायची नाही आणि तोवर घर कुणालाही दाखवायचं नाही.

पसारा

भिंत सुकत असताना सामान हललं. हॉलमध्ये तीन, दोन आणि एक आसनांचा सोफासेट, दोन शोकेस, मोठं टेबल आणि खिडकीखाली वह्यापुस्तकांचा रॅक होता. दारातून बाल्कनीपर्यंत जाण्याची वाट जेमतेम ५५ सेंटिमीटर उरली होती. माणूस अंग चोरून चालला की खोली लहान ठरते, मोजमाप काहीही असो. दोन आसनांचा सोफा, एक शोकेस आणि रॅक भाड्याच्या गोदामात गेले. वाट ९० सेंटिमीटर झाली. उरलेला सोफा आणि टेबल यांत ४५ सेंटिमीटर ठेवले, म्हणजे बसणाऱ्याचे गुडघे मोकळे राहतात आणि कप ठेवायला वाकावं लागत नाही.

लहान बेडरूमचं गोदाम झालं होतं: व्यायामाचं यंत्र, सूटकेस, इस्त्रीचा स्टँड, जुना संगणक. पाहणाऱ्याला ती खोली मोजता येत नव्हती. ती पूर्ण रिकामी करायचा विचार होता, पण रिकामी खोली बहुधा आहे त्याहून लहान वाटते, कारण डोळ्याला माप घ्यायला काही सापडत नाही. शिवाय भिंतीचा प्रत्येक ओरखडा समोर येतो. म्हणून तिथे एक ९० सेंटिमीटर रुंदीचा पलंग आणि अभ्यासाचं लहान टेबल ठेवलं. मोठ्या बेडरूममध्ये पलंगाच्या दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर मोकळे राहतील असा तो भिंतीच्या मध्यावर घेतला.

बाल्कनीत खोकी रचायचा मोह होतो. पण घर पाहणारा शेवटी तिथेच जाऊन उभा राहतो, म्हणून ती मोकळी आणि दोन खुर्च्यांची ठेवली. पक्की कपाटं दोन तृतीयांशच भरली. लोक ती उघडतात, उघडायलाच हवीत. आतून कोंबलेलं कपाट 'या घरात जागा पुरत नाही' एवढंच सांगतं.

फरशी, दारं, किचन

हॉलमधल्या दोन फरशा तडकल्या होत्या आणि त्यांवर गालिचा होता. गालिचा उचलला जातो, आणि खाली तडा निघाला की बाकीच्या घराबद्दलचा विश्वास त्याच क्षणी जातो. त्या छटेची फरशी आता मिळत नव्हती. लहान बेडरूममध्ये तीच फरशी होती आणि तिथलं भिंतीतलं कपाट फरशी झाल्यानंतर बसवलेलं होतं. कपाटाच्या खालच्या फळीआड दडलेल्या तीन फरशा काढल्या. आधी चारही बाजूंचा सांधा पूर्ण मोकळा करायचा आणि मग पातळ छिन्नीने कडेकडेने उचलायचं. तरीही एक तुटली. दोन वाचल्या, तेवढ्याच हव्या होत्या. कपाटाखाली साधी फरशी बसवली.

घासणारं दार रंध्याने तासलं. उघड्या पडलेल्या लाकडाच्या कडेला लगेच सीलर लावला, नाहीतर लाकूड दमट हवा ओढून पुन्हा फुगतं. दारं करकरत होती, तिथे बिजागरीचे खिळे काढून पुसून वंगण दिलं.

किचनची कपाटं बदलायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. बदलली नाहीत. नव्या माणसाला किचन त्याच्या मनासारखं करायचं असतं, तुमच्या आवडीचे पैसे तो मोजत नाही. पल्ले वाकडे दिसत होते. खोलगट बिजागरीवरचे स्क्रू फिरवून ते वर-खाली, डावे-उजवे आणि आत-बाहेर सरळ करता येतात, १४ पल्ल्यांना दीड तास लागला. हँडल नवी घेतली, पण आधी जुन्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून. ते ९६ मिलिमीटर निघालं. १२८ ची आणली असती तर प्रत्येक पल्ल्यावर जुनं भोक उघडं पडलं असतं. सुटलेली लॅमिनेटची कड कॉन्टॅक्ट गोंदाने चिकटवली. इथे चूक झाली: दोन्ही बाजूंना गोंद लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं असतं, घाईने ओल्यावरच दाबलं आणि कड आठवड्यात पुन्हा उचलली. दुसऱ्यांदा नीट बसली. ओट्यावर तीनच वस्तू ठेवल्या.

बाथरूमच्या काचेवर आणि नळांवर क्षारांचा पांढरा थर होता. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, १० मिनिटं ठेवून पुसायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. संगमरवरावर हे लावू नका, आम्ल त्याचा चकाकता पृष्ठभाग खातं. आणि ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. बेसिनभोवतीचं काळं पडलेलं सिलिकॉन पूर्ण कापून, स्पिरिटने पुसून मगच नवं भरलं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही.

वास

सुगंधी फवारे यादी झाल्यावर लगेच काढले. तीव्र सुगंध आला की माणूस 'खाली काय लपवलंय' हेच शोधू लागतो. वासाचे तीन उगम सापडले. एक ती ओली भिंत. दुसरा जाड पडदे आणि सोफ्याची कव्हरं, ती धुतली. तिसरा दुसऱ्या बाथरूममधला. ती एरवी क्वचित वापरली जायची. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपात, साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. वापर नसला की ते आटतं. आठवड्याला एक लिटर पाणी ओतणं, एवढाच उपाय.

रंग आणि उजेड

विटकरी भिंतीवर थेट फिका रंग देण्याआधी खालचा रंग कोणता हे तपासलं. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस जोरात घासला. रंग कापसावर उतरला तर तो पाण्याचा, नाही उतरला तर बहुधा तेलाचा. विटकरी भिंत इमल्शनची निघाली, पण पॅसेजच्या खालच्या अर्ध्या भागावर ऑइल पेंट होता. त्यावर तसंच इमल्शन दिलं असतं तर नखाने पट्ट्या निघाल्या असत्या. तो भाग साबणाने धुऊन, वाळवून, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासला आणि पकड देणाऱ्या प्रायमरचा एक हात दिला. विटकरी भिंतीला नव्या रंगाच्या छटेत कालवलेला प्रायमर दिला, म्हणून दोन हातांत ती झाकली गेली.

हॉलच्या भिंतींची लांबी १६.८ मीटर, उंची २.८, म्हणजे ४७ चौरस मीटर. दारं-खिडक्यांचे ८ वजा करून ३९. लिटरला एका हाताला १० ते १२ चौरस मीटर धरले तर दोन हातांना ७ ते ८ लिटर. सगळा रंग एकदम घेतला, कारण वेगवेगळ्या वेळी कालवलेल्या डब्यांच्या छटेत फरक पडतो. रंग निवडला तो किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा. शुद्ध पांढरा थेट ऊन न येणाऱ्या खोलीत निळसर आणि थंड दिसतो. नमुना भिंतीवर न लावता ६० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर लावून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींशी धरून पाहिला. हॉल आणि बेडरूममध्ये मॅट, कारण भिंतीचे चढउतार त्यात कमी दिसतात. पॅसेज आणि किचनमध्ये पुसता येणारा हलक्या चकाकीचा.

'अंधार वाटतो' या शेऱ्याचं कारण खिडक्यांत होतं. डासांच्या जाळ्यांवर धुळीचा थर होता आणि पडदे उघडे असतानाही काचेचा जवळपास तिसरा हिस्सा झाकत होते. जाळ्या काढून धुतल्या, काचा दोन्ही बाजूंनी पुसल्या. जाड पडद्यांऐवजी पातळ लावले आणि दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर पुढे नेली, चौकटीच्या १२ सेंटिमीटर वर बसवली. दीड मीटरची खिडकी आता पूर्ण काच दाखवते.

दिव्यांत तीन वेगळे रंग होते: ट्यूब ६५०० केल्विनची, बल्ब ३०००, स्पॉटलाइट ४००० (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). एका खोलीत असे रंग मिसळले की भिंत एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला पिवळी दिसते, फोटोत तर फारच. हॉल आणि बेडरूममध्ये सरसकट ३०००, किचन आणि बाथरूममध्ये ४००० केले. प्रमाणासाठी हिशेब असा: हॉल १६.६ चौरस मीटर, १५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) हवे तर २,५०० ल्युमेन (दिव्यांतून निघणारा एकूण प्रकाश). भिंती आणि शेडमध्ये जाणारा प्रकाश धरून साधारण ३,७००. नऊ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो, म्हणजे पाच दिवे. ते छताच्या मध्यावर एकत्र न ठेवता कोपऱ्यांत वाटले. कोपरे उजळले की खोलीची पूर्ण लांबी दिसते.

फोटो आणि भेटी

रंगाचा वास जायला आठवडा दिला आणि मग फोटो काढले. कॅमेरा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर, किचनमध्ये ओट्याचा पृष्ठभाग दिसेल इतका थोडा वर, आणि पूर्ण समपातळीत, म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा तिरप्या होत नाहीत. मोबाइलची अतिरुंद लेन्स वापरली नाही. तिने हॉल आहे त्याहून बराच मोठा दिसतो, आणि येणारा माणूस दारातच निराश होतो.

भेटीआधीची २० मिनिटांची कामं दाराआतल्या कागदावर लिहिली होती: बाथरूमच्या जाळ्यांत पाणी, खिडक्या उघड्या, सगळे दिवे चालू, कमोडचं झाकण बंद, ओटा कोरडा, रोजच्या वापराच्या वस्तू दोन टोपल्यांत भरून गाडीत. औषधं, बँकेचे कागद आणि दागिने घराबाहेर किंवा कुलपात. घरातलं एकच माणूस थांबायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

ओलीची गोष्ट मात्र न विचारता सांगायची, असं ठरलं होतं. लपवलेला दोष व्यवहारानंतर उघडा पडतो आणि भांडण मोठं होतं. शिवाय आपण होऊन सांगितलेल्या दुरुस्तीमुळे बाकीच्या उत्तरांवरही विश्वास बसतो. एका फाइलमध्ये फुगलेल्या भिंतीचा फोटो, मीटर आणि पाणी साठवण्याच्या चाचण्यांच्या तारखा, ग्राउटचं बिल आणि दुसऱ्या प्लास्टिक चाचणीचा कोरडा फोटो ठेवला.

पुढच्या पाच आठवड्यांत नऊ जण आले, दोन कुटुंबं मोजपट्टी घेऊन पुन्हा आली. त्यांतल्या एका कुटुंबाने फाइल शेवटपर्यंत वाचली, बाथरूमच्या सांध्यावर बोट फिरवून पाहिलं आणि कपाट भिंतीपासून पुढे का आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किंमत कळवली. सोबत एकच दुरुस्ती मागितली होती: किचनच्या खिडकीची अडकणारी कडी. ४६ च्या यादीत ती नव्हती.